गोफण, भाला आणि बेसबॉल: लहान पिचरचा वेग कसा वाढवायचा

बेसबॉलमध्ये बॉल टाकतो तो पिचर. मूल माउंडवर, म्हणजे टाकायच्या उंचवट्यावर, उभं असतं, बॉल समोर झेलणाऱ्या कॅचरपर्यंत पोचता पोचता दमतो, आणि कुंपणामागून आपण ओरडतो, "जोरात टाक, जोरात!" सगळ्यात आधी हे ओरडणं थांबवा. दोन सीझन मीही ओरडले आहे. जोरात म्हटलं की मूल बॉल करकचून आवळतं, खांदा कानाला लावतं आणि नुसत्या दंडाच्या बळावर फेकतं. आवळलेला हात झपकन फिरत नाही. वेग वाढायच्या ऐवजी घटतो आणि सगळा ताण कोपरावर येतो.

मी बार्शीकडची. कॉलेजात चार वर्षं भाला फेकला. आता न्यू जर्सीत राहते. माझी मुलगी आठव्या वर्षापासून पिचिंग करते, आता तेरा वर्षांची आहे. अकराव्या वर्षी तिचा फास्टबॉल, म्हणजे पूर्ण वेगाने टाकलेला सरळ बॉल, ताशी ४७ मैल होता, म्हणजे साधारण ७५ किलोमीटर. या जूनमध्ये ५८ मैल लागले. त्यातला मोठा वाटा उंची वाढल्याचा आहे, हे आधीच सांगते. वाढत्या वयात वेग थोडाफार आपसूक वाढतोच. पण सारख्या उंचीच्या दोन मुलांत एकाचा बॉल सणसणत जातो आणि दुसऱ्याचा का जात नाही, तो फरक शिकवता येतो.

माझ्या आजोबांच्या रानात ज्वारी हुरड्याला आली की माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं हाकावी लागत. आजोबांचे दंड काही जाड नव्हते, पण त्यांचा दगड बांधाच्या पलीकडे जायचा. पाय रोवलेले, कंबर आधी वळायची, मग खांदा, आणि दोरी सगळ्यात शेवटी. पिचरचा हात म्हणजे ती दोरी. दोरीत स्वतःची ताकद नसते, मागून आलेली ताकद ती पुढे सोडते. मुलीला मी हेच एक चित्र दिलं आणि बाकीचं सगळं त्यावरच बांधलं.

भाल्याचंही तसंच. बायकांचा भाला ६०० ग्रॅमचा, बेसबॉल जेमतेम १४५ ग्रॅमचा, पण साखळी तीच: जमीन, पाय, कंबर, छाती, खांदा, कोपर, मनगट. २००८ साली भारतात पिचर शोधायची एक स्पर्धा झाली होती. तिच्यातून पुढे आलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोघेही भालाफेक करणारे. बेसबॉल त्यांनी कधी खेळलेला नव्हता, तरी त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकेतल्या व्यावसायिक टीमने दोघांशी करार केला.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

पकड आधी बघा, कारण ती पाच मिनिटांत सुधारते. बॉलवर शिवणीचा घोड्याच्या नालासारखा आकार दिसतो. त्या शिवणीवर आडवी, पहिली दोन बोटं ठेवायची आणि अंगठा खाली मधोमध. तळवा आणि बॉल यांच्यात थोडी फट हवी. हात लहान असेल तर वर तीन बोटं ठेवली तरी चालतात. अंडं धरल्यासारखा बॉल धरायचा.

मग पाऊल. बरीच मुलं पुढचं पाऊल फार जवळ टाकतात, कारण माउंडच्या उतारावर त्यांना तोल जाईल अशी भीती वाटते. मुलाच्या उंचीच्या साधारण ८० टक्के एवढं अंतर पाऊल टाकताना पडायला हवं. माझी मुलगी दीड मीटरची होती तेव्हा मी ड्राइव्हवेवर खडूने १२० सेंटिमीटरवर रेघ मारली होती. पहिल्या दिवशी तिचं पाऊल रेघेच्या वीतभर अलीकडे पडलं. ताणून लांब टाकायला सांगू नका, तसं केलं की मूल मागेच बसतं. पाय उचलला की पुढचा नितंब कॅचरच्या दिशेने आधी सरकू द्या, पाऊल त्याच्या मागोमाग आपोआप लांब पडतं. आणि ते पडावं सरळ कॅचरच्या दिशेने. उजव्या हाताने फेकणाऱ्याचं पाऊल फार डावीकडे पडलं तर कंबर आधीच उघडते आणि हात एकटा पडतो.

यापुढची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि डोळ्यांना सहसा दिसत नाही. ओली चादर दोघांनी मिळून पिळताना एक टोक एकीकडे वळतं आणि दुसरं धरून ठेवलेलं असतं, म्हणून पीळ बसतो. पिचरच्या अंगात असाच पीळ बसायला हवा. पुढचं पाऊल जमिनीला लागतं त्या क्षणी कंबर कॅचरकडे वळायला लागलेली असावी, पण खांदे अजून आडवेच असावेत. मग तो पीळ सुटतो आणि छाती, खांदा, हात ओढले जातात. कंबर आणि खांदे एकदमच वळले तर पीळच नाही, आणि पीळ नाही तर वेग नाही.

हे बघायला मोबाइल पुरतो. समोरून, म्हणजे कॅचरच्या मागून, स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि पाऊल टेकलेल्या क्षणाला थांबवा. शर्टवरचं टीमचं नाव तुम्हाला तेव्हाच पूर्ण वाचता आलं, तर खांदे लवकर उघडले. आमच्याकडे सुरुवातीला सगळी अक्षरं दिसत होती. सुधारायला चार महिने लागले, तेही एकाच साध्या सरावाने. पाऊल पुढे टाकूनच उभं राहायचं, हात छातीपाशी, आधी फक्त कंबर वळवायची, मनात "एक" म्हणायचं, मग फेकायचं. दिवसाला पंधरा वेळा, अर्ध्या जोराने. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. मी तिच्याबरोबर स्वतः पंधरा वेळा करायचे, म्हणून तिने टिकवलं.

पुढचा पाय हा माझा हक्काचा विषय. भाल्यात आम्हाला आधी हेच शिकवलं जायचं. एस.टी. वेगात असताना ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला की उभी माणसं पुढे फेकली जातात. पुढचा पाय हा तो ब्रेक. पाऊल पडताना गुडघा थोडा वाकलेला असतो, आणि बॉल सुटायच्या वेळेला तो सरळ होत गेला पाहिजे. पाय थांबतो, अंग त्याच्यावरून पुढे जातं. गुडघा वाकत, ढासळत पुढे गेला तर मागून आणलेला सगळा जोर जमिनीत मुरतो. नीरज चोप्राची टोकियोतली ८७.५८ मीटरची फेक हळू करून मुलांना दाखवा, आणि फक्त त्याचा डावा पाय बघायला सांगा.

हाताबद्दल दोनच गोष्टी. अंग वळायला लागतं तेव्हा कोपर दोन्ही खांद्यांच्या रेषेत असावं, खाली लोंबकळलेलं नको. आणि बॉल सुटल्यावर हात मध्येच थांबवू नये. तो अंगावरून आडवा येऊन विरुद्ध गुडघ्याच्या बाहेर गेला पाहिजे, म्हणजे वेग जिरवायला पाठीचे मोठे स्नायू मिळतात.

ताकदीसाठी या वयात जिमची गरज नाही. आम्ही आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं देतो. जोर, बैठका, एका पायावरची बैठक, आडव्या उड्या, प्लँक. बेसमेंटच्या भिंतीवर दोन किलोचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) कंबर वळवून फेकायचा, दोन्ही बाजूंनी, एका बाजूला आठ वेळा. खांद्याच्या मागच्या बारीक स्नायूंसाठी रबरी पट्टा दाराच्या मुठीला बांधून ओढायचा, हलका, पंधरा वेळा. हा पट्ट्याचा व्यायाम कुणी बघत नाही, कुणी कौतुक करत नाही, पण चुकवू नका. हाताला ब्रेक लावायचं काम तेच स्नायू करतात.

लांब फेकीही करा. तीस फुटांपासून सुरू करून हळूहळू मागे सरकायचं, जिथपर्यंत बॉल कमानीत पण सैल अंगाने जातो तिथपर्यंतच. वजनदार बॉलने वेग वाढवण्याचे कार्यक्रम मात्र लहान मुलांना देऊ नका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ ते १८ वयाच्या मुलांनी सहा आठवडे वजनदार बॉल वापरले. वेग सरासरी ३.३ टक्के वाढला, आणि २४ टक्के मुलांना दुखापत झाली. माझ्या मुलीच्या वेगाला ३.३ टक्के म्हणजे दोन मैलसुद्धा नाहीत. दोन मैलांसाठी मी तिचं कोपर पणाला लावणार नाही.

कोपराबद्दल मी एवढी अडून का बसते ते सांगते. ती बारा वर्षांची असताना दोन टीमकडून खेळत होती. शनिवारी एका टीमकडून ६८ पिच टाकले, पिच म्हणजे पिचरने टाकलेला एकेक बॉल. रविवारी दुसऱ्या टीमच्या कोचने तिला पुन्हा उभं केलं. पहिल्या टीममध्ये किती पिच झाले हे त्याने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही, कारण मॅच महत्त्वाची होती. चौथ्या इनिंगला ती हात झटकायला लागली. रात्री कोपराची आतली बाजू दाबली की ती कळवळायची. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. लहान मुलांत हाडाच्या टोकाशी कूर्चा असते, हाड तिथून वाढतं, आणि प्रत्येक पिचला स्नायू तीच जागा ओढतात. मोठ्यांत हाडाला हाड जोडणारा अस्थिबंध आधी तुटतो, मुलांत ही वाढीची जागा आधी हार मानते. सहा आठवडे बॉलला हात लावायचा नाही, असं सांगितलं. ती रडली नाही, पण ग्लोव्ह उशाशी घेऊन झोपायची.

त्यानंतर मी आकडे पाठ केले. मेजर लीग बेसबॉल (अमेरिकेतली मुख्य व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (तिथली राष्ट्रीय संघटना) यांनी मिळून पिच स्मार्ट नावाची मर्यादा ठरवली आहे. ९-१० वर्षांना दिवसाला ७५ पिच, ११-१२ ला ८५, १३-१४ ला ९५. चौदा वर्षांपर्यंत ६६ किंवा जास्त पिच झाले की चार दिवस विश्रांती, ५१ ते ६५ ला तीन, ३६ ते ५० ला दोन, २१ ते ३५ ला एक. वर्षात किमान चार महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन सलग. या मर्यादा मुलाच्या हाताला लागू आहेत, टीमला नाही. म्हणून मोजणी आईबापांनी करायची. माझ्या पर्समध्ये छोटी वही असते, आणि मॅचच्या आधी मी ती कोचला दाखवते, समोर कुणीही असो. अलाबामातल्या संशोधकांनी २००६ साली शस्त्रक्रिया झालेले तरुण पिचर आणि धडधाकट पिचर यांची तुलना केली. हात थकलेला असताना वारंवार पिच करणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट निघाली. वेग खाली येणं, बॉल वर वर जाणं, दोन पिचमध्ये जास्त वेळ घेणं, कोपर खाली येणं, ही थकव्याची लक्षणं. दिसली की थांबवा, मग इनिंग कितवीही असो. पिच केलेल्या दिवशी कॅचर म्हणूनही उभं करू नका, तिथेही हात तेवढाच फेकतो.

मुलीने सॉफ्टबॉल खेळावा, बेसबॉलमध्ये मुलींचा वेग पुरत नाही, असं सांगणारे भेटतात. २०१४ च्या ऑगस्टमध्ये विल्यम्सपोर्टला लिटल लीग वर्ल्ड सिरीज या लहान मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत मोने डेव्हिस या तेरा वर्षांच्या मुलीने ७० मैलांचा फास्टबॉल टाकत समोरच्या टीमला एकही रन दिली नव्हती. त्यांना एवढं सांगते आणि बॉलची बादली उचलून सरावाला जाते.

खाण्याबद्दल थोडक्यात. आमचं घर शाकाहारी आहे, अंडी चालतात. शाळेतून आल्यावर मटकीची उसळ किंवा पनीर घातलेली पोळी, मॅचच्या दिवशी शेंगदाण्याचा लाडू आणि केळं. आणि नऊ तास झोप, तिच्यात तडजोड नाही.

वेग मोजायचं रडार महिन्यातून एकदाच काढा. रोज मोजलं की मूल आकड्यासाठी फेकतं आणि खांदा पुन्हा कानाला जातो. उंची झपाट्याने वाढते त्या महिन्यांत वेग अडकतो, कधी घटतो, नेमही जातो. हात-पाय लांब झालेले असतात आणि अंगाला नवी मापं कळायला वेळ लागतो. तेव्हा नवीन काही शिकवू नका, खडूची रेघ तेवढी पुढे सरकवा.

आमच्याकडे नोव्हेंबर ते जानेवारी बॉल कपाटात असतो. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी शाळेच्या जिममध्ये जातो. तीस फुटांवरून पंचवीस फेकी, अर्ध्या जोराने, दुसऱ्या दिवशी सुट्टी. पुढच्या आठवड्यात पंचेचाळीस फूट. माउंडवर ती मार्चच्या मध्यापर्यंत चढत नाही.