धुराड्याची भिंत पाडू नका, कामाला लावा

इंग्लंडमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं, एकाला एक चिकटून ओळीनं बांधलेलं घर घेतलं की बैठकीच्या खोलीत एक भिंत पुढे आलेली दिसते. रुंदीला दीड मीटरच्या आसपास, आणि खोलीत फूट-दीड फूट घुसलेली. तिला इथे चिमनी ब्रेस्ट म्हणतात. पूर्वी खोलीखोलीत कोळसा पेटायचा आणि त्याचा धूर या विटांच्या पोकळीतून छपरावर जायचा. 1952 च्या डिसेंबरात लंडनवर विषारी धुरकं साचलं, हजारो माणसं दगावली. 1956 साली स्वच्छ हवेचा कायदा आला. पुढे घरोघरी सेंट्रल हीटिंग आलं आणि या शेगड्या विझल्या. भिंत मात्र जागेवरच राहिली.

आपल्याकडून आलेल्या माणसाला ती अडचणच वाटते. सोफा सरळ लागत नाही, टीव्हीला जागा सापडत नाही, म्हणून "पाडून टाकू या" असं मनात येतंच. माझ्याही आलं होतं. पण त्या भिंतीवर वरच्या मजल्याच्या आणि छपरावरच्या विटांचा भार असतो. खालचा भाग काढायचा तर वरच्याला पोलादी आधार हवा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं गणित हवं, बिल्डिंग कंट्रोलची, म्हणजे बांधकाम नियमांत बसतं का हे तपासणाऱ्या खात्याची, मंजुरी हवी. शेजाऱ्याबरोबर सामाईक भिंत असेल तर 1996 च्या पार्टी वॉल कायद्यानं त्याला दोन महिने आधी नोटीसही द्यावी लागते. एवढं करून हाती येणार फूट-दीड फूट जागा. त्यापेक्षा या भिंतीमुळे दोन्ही बाजूंना जे दोन कोनाडे तयार झालेत, ते आपलं खरं धन आहे.

आधी आत काय आहे ते पाहा

फायरप्लेस बुजवलेली असेल तर बोटाच्या पेरानं ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे तोंड असतं. पण लगेच पहार लावू नका. पूर्वी ही तोंडं बुजवायला ॲस्बेस्टॉसचे पत्रे (त्यांची धूळ फुफ्फुसांना घातक) सर्रास वापरले गेले, ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली ती 1999 मध्ये. शंका असेल तर तुकडा तपासून घेतल्याशिवाय भोकही पाडू नका. जुन्या रंगात शिसं असतं, तो कोरडा घासू नका. आणि एकदा तरी धुराडं साफ करणारा माणूस बोलवा. आतून काजळी निघते, काटक्यांची घरटी निघतात. घरट्यात पक्षी नांदत असेल तर त्याला हात लावणं कायद्यानं गुन्हा आहे. पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा.

धुराड्याला श्वास घेऊ द्या

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि नेमकं हेच लोक विसरतात. आमच्या घरात आधीच्या मालकांनी तोंड फळीनं गच्च बंद केलेलं होतं. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग होता. दोन हात रंग दिला, पावसाळी आठवड्यात डाग पुन्हा हजर. कारण असं, की वर्षानुवर्षांच्या धुरातले क्षार विटांत आणि गिलाव्यात मुरलेले असतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतात. आत हवा खेळत नसेल तर तो ओलावा बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि तो खोलीच्या बाजूनं डोकावतो.

म्हणून तोंड बंद ठेवायचं असलं तरी खाली हवेची जाळी बसवाच, आणि छपरावरच्या धुराड्याला पाऊस अडवणारी पण हवा सोडणारी टोपी. धुराडं छपराला मिळतं तिथली शिशाची पट्टी फाटलेली असेल तर आधी ती दुरुस्त करा, कारण वरून पाणी येत असेल तर खाली काहीही केलं तरी व्यर्थ. डाग पडलेला गिलावा खरवडून काढून चुन्याचा नवा द्यावा. त्यावर रंगही हवा सोडणाराच लावावा, प्लास्टिकसारखा नको.

हवा खेळते का, हे बघायला उदबत्ती पेटवून जाळीपाशी धरा. धूर आत ओढला जाऊन वर गेला तर वाट मोकळी आहे. जागच्या जागी घुटमळला तर कुठेतरी अडलंय. मात्र ही परीक्षा हवेपुरतीच, आग पेटवायला ती पुरेशी नाही.

तोंड उघडं ठेवलं तर थंडीत गार झोत खोलीत येतो. त्यासाठी लोकरीचा जाड बोळा मिळतो, तो वर सरकवून ठेवायचा. थोडी हवा तो जाऊ देतो.

तोंडात काय ठेवायचं

जुनी लोखंडी जाळी आणि रंगीत टाइल्स असतील तर त्याच स्वच्छ करून ठेवा, त्यापेक्षा देखणं काही नाही. नसतील तर ओंडके, कुंडी, मोठा दिवा, मुलांची पुस्तकं, काहीही शोभतं. अनेक घरांत तिथे देव्हारा मांडतात. मला तो कोनाड्यात बरा वाटतो. तोंडात वरून काजळी झडते आणि वाऱ्याच्या ओढीनं समईची ज्योत ठरत नाही.

खरी आग हवी असेल तर नोंदणीकृत माणसाकडूनच स्टोव्ह बसवून घ्या, खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि वाळलेलंच लाकूड जाळा. इंग्लंडमध्ये घरगुती दगडी कोळशाची विक्री 2023 च्या मे महिन्यापासून बंद आहे.

कोनाड्यांत फळ्या

जुन्या घरात काटकोन सापडत नाही, हे धरूनच चाला. आमचा डावा कोनाडा मागे 91 सेंमी, पुढे साडेब्याण्णव. म्हणून प्रत्येक फळीच्या उंचीला मागे, मध्ये आणि पुढे असं तीनदा मोजा. त्याहून खात्रीचं म्हणजे पुठ्ठ्याचा साचा कापून जागेवर बसवून पाहा आणि त्यावरून फळी कापा.

तिन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या ठोकून त्यावर फळी ठेवायची. भोक पाडण्याआधी वायरी शोधणारं यंत्र भिंतीवर फिरवा. ड्रिलमधून आधी करडी भुकटी येते, तो गिलावा. मग लाल येते, तेव्हा वीट लागली. स्क्रू धरून ठेवायला भोकात घालायचा प्लग विटेतच बसला पाहिजे, गिलाव्यातला आठ दिवसांत निसटतो. धुराड्याच्या बाजूची भिंत जेमतेम 10 सेंमी जाडीची असते, तिथे लांब स्क्रू नको. पुस्तकं ठेवणार असाल तर 18 मिमी एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) एवढ्या लांबीला वाकतं. मागची पट्टी पूर्ण लांबीची द्या आणि पुढच्या कडेला खालून एक पट्टी जोडा. खोली मोकळी दिसावी म्हणून फळी धुराड्याच्या भिंतीपेक्षा चार-पाच बोटं आतच ठेवा.

टीव्ही फायरप्लेसच्या वर टांगू नका, मान दुखते. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून मीटरभर उंचीवर असतात आणि तिथे तर दीड मीटरवर स्क्रीन जातो. कोनाड्यात फिरत्या दांडीवर लावा.

गणपतीत मात्र ही पुढे आलेली भिंतच आयती पार्श्वभूमी होते. खोलीत छताखाली जुनी लाकडी पिक्चर रेल, म्हणजे चित्रं टांगायची पट्टी, असेल तर तिच्या आकड्यांना तोरण आणि पडदा अडकवता येतो, एकही खिळा न ठोकता.