फिनिश शब्द आधी देवनागरीत लिहा

फिनिश शिकताना रोमन लिपी सुरुवातीलाच गंडवते. यू एक की दोन, एल एक की दोन, नजरेतून निसटतं आणि अर्थच बदलतो.

१. नवा शब्द वहीत देवनागरीतही उतरवा. तुलि म्हणजे आग, तूलि म्हणजे वारा, तुल्लि म्हणजे सीमाशुल्क. (शेवटची वेलांटी ऱ्हस्वच! आपलं शुद्धलेखन इथे बाजूला ठेवा.)
२. पहिल्या अक्षरावर जोर देऊन मोठ्याने वाचा.
३. विभक्त्या १५ आहेत, पण आपल्याला त्यांचं काय कौतुक? घर, घरात, घरातून. तसंच तालो, तालोस्सा, तालोस्ता. रोज एक शब्द असा चालवा.

वाय या स्वराला मात्र आपल्याकडे अक्षर नाही. ओठ 'ऊ'चे, जीभ 'ई'ची ठेवा आणि तो ऐकूनच पक्का करा.