कमी साखरेची स्ट्रॉबेरी जेली: ज्यूसर लावायच्या आधी काय काय जमवून ठेवायचं

स्ट्रॉबेरी आणायच्या आधी एक गोष्ट ठरवा, जेली घट्ट कशावर होणार. फळाचं नंतर बघू. नेहमीच्या जेलीत साखर नुसती गोडीसाठी नसते, फळातलं पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट करणारा पदार्थ, धरायला आंबटपणा लागतो आणि साखर साधारण ५५-६० टक्क्यांच्या वर लागते, त्यामुळे त्याच रेसिपीत साखर अर्धी करू म्हणलात तर हातात सरबत येतं, मग ते आटवत बसायचं, रंग काळपट होतो आणि वासही जातो. त्यात स्ट्रॉबेरीत पेक्टिन मुळातच कमी. म्हणून यादीत पहिलं नाव लो मेथॉक्सिल पेक्टिनचं, ऑनलाइन एलएम पेक्टिन म्हणून मिळतं, हे साखरेवर नाही तर कॅल्शियमवर धरतं. पाकिटात कॅल्शियम आधीच मिसळलंय का वेगळं घालायचंय ते नीट वाचून घ्या, प्रमाणही कंपनीगणिक बदलतं, सो पाकिटावर लिहिलंय तेच खरं मानायचं. साधं पेक्टिन स्वस्त दिसतं म्हणून उचलू नका, इथं त्याचा काही उपयोग नाही.

ते नाहीच मिळालं तर किराणा दुकानातली चायना ग्रास पावडर, लिटरभर रसाला ५-६ ग्रॅम. चालते, पण जेली चाकूने कापता येईल अशी होते, ब्रेडवर पसरत नाही, मला तरी पेक्टिनचीच आवडते.

आता पाणी. हे सोलापूरकरांसाठी वेगळं लिहावंच लागतंय. नळाला पाणी रोज येत नाही हे आहेच, तर पाणी येणाऱ्या दिवशीच हा कार्यक्रम ठेवा, भांडी आणि ज्यूसरची जाळी धुण्यातच बादल्या जातात. पण मेन मुद्दा वेगळाय, बोअरचं क्षाराचं पाणी पेक्टिनला वापरायचं नाही. त्या पाण्यात कॅल्शियम असतं, एलएम पेक्टिन त्यात नीट विरघळायच्या आधीच धरायला लागतं, गुठळ्या होतात आणि मग कितीही घोटा, त्या मोडत नाहीत. फिल्टरचं किंवा जारचं पाणी बाजूला काढून ठेवा, तेवढं पुरतं.

फळ डिसेंबर ते फेब्रुवारीत घ्या, महाबळेश्वर-वाईकडचा माल तेव्हा भरपूर येतो, जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला तर हमखास. बॉक्स उलटा करून खालून बघा, वरची रांग कायम देखणीच असते. जेलीला मोठी फळं कशाला, बारकी पण आतपर्यंत लाल असलेली घ्या, चार-दोन कमी पिकलेली असली तरी चांगलंच, त्यात पेक्टिन जरा जास्त असतं. दोन किलो आणली की साधारण लिटरभर रस धरून चाला. धुवायची देठासकट, देठ मग काढायचे, नाहीतर फळ पाणी पितं. एक रात्र फ्रीझरमध्ये टाकून दुसऱ्या दिवशी मऊ होऊ दिली तर रस जास्त सुटतो.

ज्यूसर कोल्ड प्रेस, म्हणजे फळ हळूहळू दाबून रस काढणारा, असेल तर उत्तम, मिक्सरबरोबर आलेला जाळीचा असेल तरी काम होतं, फक्त फेस फार येतो आणि बियांनी जाळी चोंदते, म्हणून थोडी थोडी फळं घाला आणि मधे एकदा थांबून जाळी धुवा. वाळल्यावर घासायला गेलात की समजेल मी काय म्हणते. चोथा टाकू नका, पोळीबरोबर खायला मुरांबा होतो त्याचा. रस गाळायला धुऊन मऊ झालेला सुती पंचा घ्या, घरात सोलापुरी टॉवेलची थप्पी असली तरी टॉवेल नको, त्याचे धागे सुटतात. पंचा बांधून फ्रिजमध्ये पातेल्यावर रात्रभर ठेवायचा आणि पिळायचा नाही, पिळला की जेली गढूळ झालीच समजा.

बाकी सामान पटकन सांगते. स्टीलचं जाड बुडाचं मोठं पातेलं, रस तिसऱ्या हिश्शाच्या वर नको कारण उकळताना फुगतो, ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ आंबट रसाला नको. लिटरला पाव किलो साखर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा. पेक्टिन कोरडंच त्यातल्या मूठभर साखरेत मिसळून ठेवा, मग गुठळी होत नाही. गूळ नको, रंग बिघडतो. थर्मामीटरवर १०४-१०५ अंश बघायचा नियम पूर्ण साखरेच्या जेलीचा आहे, इथं तो लागू नाही, साखरच कमी आहे तर तेवढं तापमान येणार कुठून. त्याऐवजी स्टीलची छोटी ताटली फ्रीझरमध्ये ठेवा, तिच्यावर थेंब टाकायचा, मिनिटभराने बोटाने सरकवायचा, सुरकुती पडली की गॅस बंद.

बाटल्या काचेच्या, लहान, तोंड रुंद. दहा मिनिटं पाण्यात उकळून गरमच ठेवा, गरम जेली थंड काचेत ओतली तर काच तडकते. आणि फ्रिजमध्ये जागा आधीच करून ठेवा, हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. साखर कमी म्हणजे टिकवणारी गोष्टच कमी केली आपण, ही बाटली लोणच्यासारखी फडताळात राहणार नाही, सोलापूरच्या उन्हाळ्यात तर नाहीच नाही. फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे, कोरडा चमचा, आणि बुरशीचा एक ठिपका दिसला तरी अख्खी बाटली टाकायची, वरवर खरवडून खायची नाही.

घरात शुगर असलेलं कोणी असेल तर त्यांना आधीच सांगा, ही कमी साखरेची आहे, बिनसाखरेची नाही, फळाचीही साखर असतेच. चमचाभर कडक भाकरीच्या तुकड्यावर घेऊन बघा म्हणावं, हसतील आधी, पण आंबटगोड आणि कुरकुरीत जमतं की ओ.