पाइपलाइनची क्षमता वाढवण्याच्या कामात नव्याने येताय?

कच्च्या तेलाच्या पाइपलाइनवर मला मिळालेलं पहिलं काम होतं, प्रवाह 20 टक्क्यांनी वाढवता येईल का हे बघण्याचं. तीन दिवस आकडेमोड केली आणि दोन पंप स्टेशनं वाढवली की झालं, असं खुशीत जाऊन सांगितलं. साहेबांनी कागद हातातही घेतला नाही. म्हणाले, "वाढलेलं तेल ठेवणार कुठे?" लाइन जिथे संपते त्या बंदरावरच्या टाक्यांकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आकडेमोड मात्र शिकाच, आणि सॉफ्टवेअर उघडण्याआधी हाताने करा. घर्षणात जाणारा दाब साधारण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि पंपाला लागणारी शक्ती घनाच्या. म्हणजे सपाट जमिनीवरही 20 टक्के जास्त तेल ढकलायला 44 टक्के जास्त दाब आणि जवळपास 73 टक्के जास्त शक्ती लागते. वर पाइपला सोसेल तेवढाच दाब देता येतो. म्हणून मग समांतर दुसरी लाइन टाकतात, तिला लूप म्हणतात. त्याच व्यासाचा लूप निम्म्या अंतरावर टाकला, तर तेवढ्याच दाबात प्रवाह सुमारे 26 टक्के वाढतो. निम्मी लाइन दुप्पट केली म्हणजे 50 टक्के मिळतील असं नवख्यांना हटकून वाटतं. मलाही वाटलं होतं.

तिसरा उपाय मला सर्वांत गमतीचा वाटतो. तेलात अगदी थोडं लांब साखळीचं पॉलिमर सोडायचं, त्याने खळबळ मंदावते आणि घर्षण कमी होतं. ट्रान्स-अलास्का पाइपलाइनमध्ये ते 1979 साली वापरलं गेलं. पण पंपातून जाताना त्या साखळ्या तुटतात, म्हणून प्रत्येक पंपानंतर ते परत सोडावं लागतं.

आता बंदराकडे या. व्हीएलसीसी म्हणजे कच्चं तेल नेणारं अवाढव्य जहाज साधारण 20 लाख बॅरल नेतं. लाइन दिवसाला 5 लाख बॅरल देत असेल, तर एका जहाजाचा माल जमायला चार दिवस लागतात, आणि तो टाक्यांतच जमतो. त्यात वादळाने जहाज तीन दिवस अडकलं, की आणखी 15 लाख बॅरलची जागा हवी. नाहीतर शेकडो किलोमीटर मागे पंप बंद करावे लागतात. कॅनडाच्या ट्रान्स माउंटन लाइनची क्षमता 2024 मध्ये दिवसाला 3 लाखांवरून 8 लाख 90 हजार बॅरलवर गेली, तेव्हा तिच्या टोकाच्या वेस्टरिज टर्मिनलवर जहाजं लागायचे एकाचे तीन धक्केही बांधावे लागले. अमेरिकेतलं लूप हे बंदर तर (लुईझियाना ऑफशोअर ऑइल पोर्ट; वरच्या लूपशी याचा संबंध नाही) आयातीसाठी बांधलेलं. कच्च्या तेलाच्या निर्यातीवरची बंदी डिसेंबर 2015 मध्ये उठली आणि 2018 पासून तिथूनच व्हीएलसीसी भरून बाहेर जाऊ लागली.

जहाज भरण्याचा वेग वाढवताना सर्जचा, म्हणजे दाबाच्या अचानक उसळीचा, हिशोब विसरू नका. झडप झटकन बंद झाली की दाबाची लाट सेकंदाला साधारण किलोमीटरभर वेगाने मागे धावते. प्रवाह जितका जोरात, तितका तडाखा मोठा. झडप किती सेकंदांत बंद व्हावी, हा प्रश्न बैठकीत कोणी विचारला नसेल तर तुम्ही विचारा. नवीन आहात म्हणून गप्प बसू नका.

डिझाइन विभागात जागा मिळाली तरी पहिले दोन-तीन महिने कंट्रोल रूममध्ये बसायची परवानगी मागून घ्या. रात्रपाळीतली माणसं जे सांगतात ते ड्रॉइंगवर नसतं. तिथली लॉगबुकं चाळताना मला कळलं, की टाक्या भरल्यामुळे आमची लाइन महिन्यातून जवळपास पाच दिवस थांबत होती. 25 दिवसांचे 30 झाले की 20 टक्के तिथेच मिळत होते. शेवटी पंप आहेत तेवढेच राहिले आणि टाक्या वाढल्या.