पडद्याचं मोठं ऑपरेशन झालंय? या चुका टाळा

डोळ्याच्या पडद्याला बारीक छिद्र पडणं वेगळं आणि पडदा 90 अंश किंवा त्याहून जास्त, म्हणजे घड्याळाच्या तीन तासांइतका, फाटणं वेगळं. एवढ्या मोठ्या फाटीची कड चादरीच्या टोकासारखी उलटी दुमडते. सर्जन आधी डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढतात, मग पाण्यापेक्षा जड द्रव सोडून दुमडलेला पडदा दाबून सपाट करतात, कडेला लेझर मारतात आणि शेवटी गॅस किंवा सिलिकॉन तेल भरतात. लेझरची पकड पक्की व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. तोवर पडदा त्या बुडबुड्याच्याच आधारावर असतो, आणि नेमक्या याच दिवसांत लोक गडबड करतात.

सगळ्यात मोठी गडबड झोपण्याची. शेजारच्या पेशंटला पालथं झोपायला सांगितलं म्हणून आपणही पालथं झोपायचं, असं नसतं. गॅस आणि तेल दोन्ही वर तरंगतात. फाट कुठे आहे त्यावर डोकं कसं ठेवायचं ते ठरतं. घरी जाण्याआधी सर्जनसमोर एकदा तसं झोपून दाखवा. आणि ‘दुखत नाही, म्हणजे बरं झालं’ असं समजून तिसऱ्या दिवशी उताणं पडून मोबाइल बघू नका.

गॅस असताना विमानप्रवास नाही, उंच डोंगरावर जाणंही नाही. हवेचा दाब घटला की गॅस फुगतो, डोळ्यातला दाब चढतो आणि नजर कायमची जाऊ शकते. काही गॅस दोनेक आठवड्यांत विरतो, काही दोन महिने टिकतो, तेव्हा आपल्या डोळ्यात कोणता आहे ते विचारून घ्या. या काळात दुसरं कुठलं ऑपरेशन निघालं, तर भूलतज्ज्ञांना गॅसबद्दल आधी सांगा. भुलीच्या नायट्रस ऑक्साइडनेही तो फुगतो.

तेल मात्र आपोआप जात नाही. बहुतेकदा काही महिन्यांनी ते काढावं लागतं. ‘दिसतंय ना, मग कशाला परत टेबलावर?’ म्हणत तारीख टाळत राहिलात, तर काचबिंदू किंवा बुबुळाची खराबी ओढवते. तेल असेपर्यंत नंबर बदललेला असतो, त्यामुळे महागडा चष्मा करायची घाई नको.

नजरेत पुन्हा काळी सावली सरकायला लागली, चमका दिसल्या, तर पुढच्या तपासणीची तारीख बघत बसू नका, त्याच दिवशी जा. आणि दुसरा डोळा? तो धडधाकट वाटतो म्हणून कुणी दाखवतच नाही. फाटीचा धोका त्यालाही असतो; बाहुली मोठी करून त्याचाही पडदा तपासून घ्या.