टेक्सासचे विलीनीकरण आणि १८४६ चे सीमायुद्ध: अभ्यास कसा करावा

टेक्सास १८३६ पासून जवळजवळ दहा वर्षे स्वतंत्र प्रजासत्ताक होते. २९ डिसेंबर १८४५ रोजी ते अमेरिकेचे २८ वे राज्य झाले आणि त्यानंतर पाच महिनेही उलटले नाहीत तोच अमेरिका व मेक्सिको यांच्यात युद्ध पेटले. विलीनीकरण झाले आणि त्यामुळे युद्ध झाले, एवढ्यावर बहुतेक अभ्यासक थांबतात. स्पर्धा परीक्षेची टिपणे काढणाऱ्याला ते पुरेसे वाटेल. परंतु विलीनीकरण आणि युद्ध यांच्यामध्ये जमिनीचा एक विशिष्ट पट्टा होता आणि तो वगळला तर कोणी काय केले व का केले, यातले काहीच नीट कळत नाही. म्हणून हा विषय हाती घेताना त्या पट्ट्यापासूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम नकाशा घ्यावा आणि त्यावर दोन नद्या ठळक कराव्यात. उत्तरेकडची न्युएसेस कॉर्पस क्रिस्टीजवळ समुद्राला मिळते. दक्षिणेकडची रिओ ग्रांदे, जिला मेक्सिकोत रिओ ब्राव्हो म्हणतात, ती मातामोरोस शहराच्या बाजूने वाहत जाऊन त्याच मेक्सिकोच्या आखाताला मिळते. किनाऱ्याजवळ या दोन नद्यांमध्ये साधारण दोनशे ते अडीचशे किलोमीटरचे अंतर आहे. स्पेनच्या आणि नंतर मेक्सिकोच्या कारभारात तेहास (म्हणजे टेक्सास) प्रांताची दक्षिण सीमा न्युएसेस मानली जात असे आणि तिच्या पलीकडचा किनारी प्रदेश तामौलिपास या शेजारच्या प्रांताकडे होता. टेक्सासच्या काँग्रेसने मात्र डिसेंबर १८३६ मध्ये कायदा करून आपली सीमा रिओ ग्रांदेच्या मुखापासून थेट उगमापर्यंत आणि तेथून उत्तरेस ४२ व्या अक्षांशापर्यंत असल्याचे जाहीर केले. ही रेषा स्वतः काढून पाहावी. तिच्या आत सांता फे येते, म्हणजे न्यू मेक्सिकोचा मोठा भाग येतो, जेथे टेक्सासचा एकही अधिकारी कधी कारभार करीत नव्हता. १८४१ मध्ये टेक्सासने सांता फेकडे पाठवलेल्या मोहिमेतील लोक मेक्सिकोच्या हाती कैद झाले. १८४२ मध्ये मेक्सिकोच्या फौजांनी उलट सॅन अँटोनियो दोनदा ताब्यात घेतले. कागदावरचा दावा आणि जमिनीवरचा ताबा यांतले हे अंतर रेषा हाताने काढल्यावर जितके स्पष्ट दिसते, तितके वर्णन वाचून दिसत नाही.

नकाशा झाल्यावर दोन प्रश्न वेगळे करावेत. टेक्सास मेक्सिकोपासून खरोखर स्वतंत्र झाले होते काय, हा पहिला. झाले असल्यास त्याची हद्द कोठपर्यंत होती, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला ‘होय’ म्हणणाऱ्याने दुसऱ्याला ‘रिओ ग्रांदेपर्यंत’ असे म्हटलेच पाहिजे, असे मुळीच नाही. पुढचा जवळजवळ प्रत्येक वाद हे दोन प्रश्न जाणूनबुजून किंवा नकळत एकत्र केल्यामुळे माजला.

पहिल्या प्रश्नासाठी टेक्सासने मेक्सिकोविरुद्ध केलेल्या बंडाची पार्श्वभूमी थोडक्यात, पण प्रामाणिकपणे मांडावी. मेक्सिकोने अमेरिकन वसाहतवाल्यांना स्वतःच जमिनी दिल्या होत्या. १८२९ मध्ये त्याने गुलामगिरी रद्द केली, १८३० मध्ये अमेरिकेतून होणारे स्थलांतर रोखले आणि त्यानंतर जनरल व अध्यक्ष सांता आनाच्या काळात प्रांतांची स्वायत्तता काढून घेणारी केंद्रीय राज्यव्यवस्था आणली. स्वायत्ततेची तक्रार खरी होती. ती मेक्सिकोच्या इतर प्रांतांचीही होती. त्याचबरोबर टेक्सासच्या १८३६ च्या राज्यघटनेने गुलामगिरीला स्पष्ट संरक्षण दिले, हेही तितकेच खरे आहे. यांपैकी एकच बाजू सांगणारे लेखन हाती आले, तर दुसरी बाजू मुद्दाम शोधावी. या बंडातली अलामोची लढाई सर्वांना ठाऊक असते. निर्णायक ठरली ती २१ एप्रिल १८३६ ची सॅन जॅसिंटोची लढाई, जिच्यात सांता आनाचा पराभव झाला आणि दुसऱ्या दिवशी तो पकडला गेला. कैदेत असताना त्याने व्हेलास्को येथे करारांवर सह्या केल्या. त्यांत मेक्सिकोच्या सैन्याने रिओ ग्रांदेच्या पलीकडे जावे असे ठरले होते आणि टेक्सासच्या पुढच्या दाव्याचा आधार हाच होता. मेक्सिकोच्या सरकारने हे करार कधीच मान्य केले नाहीत, कारण कैदेतल्या माणसाला देशाच्या वतीने भूभाग देण्याचा अधिकार नाही, अशी त्याची भूमिका होती. या मुद्द्यावर मेक्सिकोचा युक्तिवाद मला अधिक बळकट वाटतो. तरीही, अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटन यांनी पुढील काही वर्षांत टेक्सासला मान्यता दिली आणि मेक्सिकोला ते परत जिंकता आले नाही, ही वस्तुस्थिती उरतेच.

मराठी वाचकाने येथे आणखी एक काळजी घ्यावी. हैदराबाद किंवा गोव्याचा इतिहास मनात ठेवून टेक्सासकडे पाहू नये. येथे सामील होण्याची मागणी टेक्सासनेच केली होती, तीही १८३६ मध्ये मतदान घेऊन, आणि नऊ वर्षे टाळाटाळ झाली ती वॉशिंग्टनमध्ये. गुलामगिरी असलेला आणखी एक विशाल प्रदेश संघराज्यात आला, तर सिनेटमधला गुलामगिरी नसलेली उत्तर आणि ती असलेली दक्षिण यांचा समतोल ढासळेल आणि मेक्सिकोशी युद्धही ओढवेल, ही त्यामागची धास्ती होती.

आता मतांचे आकडे पाहावेत, कारण या प्रकरणात आकडेच फार काही सांगतात. अध्यक्ष जॉन टायलर यांच्या सरकारने एप्रिल १८४४ मध्ये टेक्सासशी विलीनीकरणाचा तह केला. तहाला सिनेटची दोन तृतीयांश संमती लागते. जूनमध्ये तो ३५ विरुद्ध १६ मतांनी फेटाळला गेला. त्या वर्षीची निवडणूक विस्तारवादी जेम्स पोल्क यांनी जिंकल्यावर टायलर यांनी वेगळा मार्ग काढला. त्यांनी तहाऐवजी दोन्ही सभागृहांचा संयुक्त ठराव पुढे आणला, ज्याला साधे बहुमत पुरते. सिनेटमध्ये तो २७ विरुद्ध २५ असा काठावर मंजूर झाला आणि १ मार्च १८४५ रोजी, पद सोडण्याच्या तीन दिवस आधी, टायलर यांनी त्यावर सही केली. हा मार्ग घटनात्मक होता की नाही, यावर तेव्हाही जोरदार मतभेद होते.

या ठरावाचा मजकूर शांतपणे वाचावा. सर्व साधनांत मी त्याला पहिले स्थान देतो. त्यात टेक्सासची सीमा कोठेही सांगितलेली नाही. टेक्सास प्रजासत्ताकात योग्य रीतीने समाविष्ट असलेला आणि हक्काने त्याचा असलेला प्रदेश राज्य होईल, असे तो म्हणतो आणि इतर देशांशी उद्भवणारे सीमेचे प्रश्न अमेरिकेच्या सरकारने सोडवावेत, असेही सांगतो. म्हणजे काँग्रेसने रिओ ग्रांदेवर शिक्कामोर्तब केले नव्हते. तो प्रश्न तिने वाटाघाटींसाठी मोकळा ठेवला होता. टेक्सासने जुलैच्या अधिवेशनात आणि ऑक्टोबरच्या लोकमतात संमती दिली, डिसेंबरअखेर प्रवेश पूर्ण झाला आणि १९ फेब्रुवारी १८४६ रोजी ऑस्टिन येथे प्रजासत्ताकाचा कारभार राज्याकडे सोपवला गेला.

मेक्सिकोने १८४३ मध्येच बजावले होते की विलीनीकरण ही युद्धाची घोषणा मानली जाईल. प्रत्यक्षात ठराव मंजूर झाल्यावर त्याने राजनैतिक संबंध तोडले, पण लगेच सैन्य चालून आले नाही. उलट १८४५ मध्ये मेक्सिकोचे अध्यक्ष एरेरा यांचे सरकार, टेक्सास अमेरिकेत जाणार नसेल तर त्याच्या स्वातंत्र्याला मान्यता देण्यासही तयार झाले होते. हे लक्षात घेतले, म्हणजे त्यानंतरच्या घटना आपोआप घडल्या नाहीत, त्या घडवल्या गेल्या, हे उमगते.

यासाठी जानेवारी ते मे १८४६ या काळाची तारीखवार नोंद करावी. पोल्क यांनी पाठवलेले दूत जॉन स्लायडेल रिओ ग्रांदेची सीमा मागण्याबरोबरच कॅलिफोर्निया व न्यू मेक्सिको विकत घेण्याचा प्रस्ताव घेऊन आले होते. मेक्सिकोने त्यांना भेट नाकारली. १३ जानेवारीला जनरल झॅकरी टेलर यांना रिओ ग्रांदेकडे सरकण्याचा हुकूम निघाला. मार्चअखेर त्यांची फौज मातामोरोससमोर येऊन किल्ला बांधू लागली. १२ एप्रिलला मेक्सिकन सेनापतीने टेलर यांना २४ तासांत न्युएसेसकडे मागे फिरण्यास सांगितले. टेलर यांनी उत्तरादाखल नदीचे मुख रोखले. २५ एप्रिलला वादग्रस्त पट्ट्यात कॅप्टन थॉर्नटन यांच्या घोडदळाच्या तुकडीवर मेक्सिकन सैन्याने हल्ला केला. आता ९ मे ही तारीख अधोरेखित करावी. त्या दिवशी पोल्क यांच्या मंत्रिमंडळाने स्लायडेल यांना मिळालेली वागणूक आणि अमेरिकन नागरिकांचे मेक्सिकोकडे थकलेले नुकसानभरपाईचे दावे यांच्या आधारे युद्धाचा संदेश पाठवण्याचे ठरवले, आणि थॉर्नटन यांच्या तुकडीवरील हल्ल्याची बातमी त्यानंतर, संध्याकाळी येऊन पोहोचली. ११ मे रोजी काँग्रेसला मात्र सांगितले गेले ते अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकन रक्त सांडल्याचे. १३ मे रोजी युद्ध जाहीर झाले. तोवर पालो आल्तो आणि रेसाका दे ला पाल्मा या लढाया होऊनही गेल्या होत्या.

युद्धाच्या लढायांवर फार वेळ घालवू नये. विरोधकांचे म्हणणे मात्र अवश्य वाचावे. डिसेंबर १८४७ मध्ये प्रतिनिधिगृहातील इलिनॉयचे नवे सदस्य अब्राहम लिंकन यांनी ते रक्त नेमक्या कोणत्या जागी सांडले आणि ती जागा कोणाच्या ताब्यात होती, असे अध्यक्षांना ठरावांतून विचारले. वर सांगितलेला दुसरा प्रश्न इतक्या थेटपणे क्वचितच कोणी विचारला असेल. जानेवारी १८४८ मध्ये प्रतिनिधिगृहाने हे युद्ध अध्यक्षांनी अनावश्यकपणे आणि घटनाबाह्य रीतीने सुरू केल्याचे ८५ विरुद्ध ८१ मतांनी नोंदवले. युद्ध आणि गुलामगिरी यांना विरोध म्हणून कर न भरणाऱ्या आणि त्यापायी एक रात्र तुरुंगात काढणाऱ्या अमेरिकन लेखक थोरो यांचे विचार पुढे गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचले, एवढा या युद्धाचा धागा आपल्यापर्यंत येतो.

शेवटी निकाल पहिल्याच नकाशावर उतरवावा. २ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने रिओ ग्रांदे ही सीमा ठरली आणि १.५ कोटी डॉलरच्या मोबदल्यात कॅलिफोर्निया व न्यू मेक्सिकोचा अफाट प्रदेश अमेरिकेला मिळाला. सांता फेवरचा दावा मात्र टेक्सासने तरीही सोडला नाही आणि आता त्याचा वाद वॉशिंग्टनशीच जुंपला. तो १८५० च्या तडजोडीत मिटला: टेक्सासला १ कोटी डॉलर मिळाले आणि त्याने पश्चिम व उत्तरेकडचे दावे सोडले. आजच्या टेक्सासच्या वरच्या चौकोनी टोकाची उत्तर कड ३६ अंश ३० मिनिटांवर सरळ कापलेली दिसते, तीही याच व्यवहारातली. संयुक्त ठरावाने त्या अक्षांशाच्या उत्तरेस नव्या राज्यांत गुलामगिरीला बंदी घातली होती, आणि गुलामगिरी राखणाऱ्या टेक्सासने त्या रेषेच्या वरची जमीन आपल्याकडे ठेवली नाही.