अमेरिकेच्या व्हिसाचं स्टॅम्पिंग करायला नागपूरला घरी यायच्या आधी हे वाचून घ्या

डिसेंबर २०२५ मध्ये आमच्या घरी लग्न होतं. भाचा न्यू जर्सीवरून तीन आठवड्यांची सुट्टी घेऊन आला, पोरीची शाळा होती म्हणून बायको आणि पोरगी तिकडेच राहिल्या, आणि मधातच मुंबईला जाऊन एच-वन-बीचं, म्हणजे तिकडच्या नोकरीच्या व्हिसाचं, स्टॅम्पिंग (पासपोर्टवर नवा शिक्का) उरकायचं असा प्लॅन होता. डिसेंबरची अपॉइंटमेंट सरळ मार्चमध्ये ढकलल्या गेली. तीन महिने तो आमच्या वरच्या खोलीत बसून रात्र रात्र ऑफिसचं काम करत होता आणि चार वर्षांची पोरगी व्हिडिओ कॉलवर रोज एकच विचारे, बाबा कधी येते. तेव्हापासून मी हे सगळे नियम बसून वाचले, नात्यातले लोक अजूनही विचारून राहिले, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

नवीन नियमाची बातमी आली की सगळ्यात आधी एकच पाहायचं, आपला माणूस आज अमेरिकेच्या आत आहे का बाहेर. बहुतेक बदलांचा मार बाहेर असलेल्याला बसतो. एच-वन-बीवरच्या एक लाख डॉलरच्या फीचंच घ्या, १९ सप्टेंबर २०२५ ला हुकुमावर सही झाली, २१ तारखेपासून लागू, आणि त्या दोन दिवसात लोक सुट्टी अर्धी सोडून विमानतळावर पळाले. नंतर खुलासा आला की ही फी नवीन पिटिशनला (कंपनी माणसासाठी टाकते तो अर्ज) आहे आणि तेही माणूस अमेरिकेबाहेर असेल तर. आत राहून एक्स्टेन्शन करणाऱ्याला नाही, आत राहून कंपनी बदलणाऱ्याला नाही, जुना व्हिसा चालू असलेल्याला नाही. तिकडे शिकणारं पोरगं एफ-वन या विद्यार्थी व्हिसावरून एच-वन-बीवर जात असेल तर त्यालाही नाही, पण त्यात एक मेख आहे, चेंज ऑफ स्टेटस (तिथेच राहून व्हिसाचा प्रकार बदलायची विनंती) मंजूर व्हायच्या आधी तो देशाबाहेर पडला की ती विनंती सोडून दिली असं धरतात आणि फी अंगावर येऊ शकते. म्हणून मंजुरी हातात येईपर्यंत त्याला दिवाळीला बोलावू नका, आईनं कितीही म्हटलं तरी. हा हुकूम मुळात १२ महिन्यांसाठी निघाला, वाढवायची सोय त्यातच ठेवली आहे, तेव्हा आज काय चालू आहे ते पाहूनच ठरवा.

आता स्टॅम्पिंग. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला म्हणजे तिकडे राहणं बेकायदा झालं असं नाही. शिक्का फक्त आत शिरायला लागतो, राहायची मुदत आय-९४ वर, म्हणजे आत शिरतानाच्या सरकारी नोंदीवर, असते. म्हणून फार अडचण नसेल तर नुसत्या शिक्क्यासाठी भारतात येऊ नका, आणि यायचंच असेल तर परतीची तारीख ठरलेली आहे असं ऑफिसला सांगू नका. २ सप्टेंबर २०२५ पासून एच-वन-बीचं ड्रॉपबॉक्स (इंटरव्ह्यूशिवाय नुसते कागद देऊन शिक्का) बंद झालं, इंटरव्ह्यू द्यावाच लागते. त्याच महिन्यात तिसऱ्या देशात जाऊन स्टॅम्पिंग करायचा रस्ताही बंद केला, आपल्या देशात नाहीतर जिथले रहिवासी आहोत तिथेच. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी आणि एच-फोर (त्यांच्या नवरा-बायको, पोरांचा व्हिसा) दोघांचंही सोशल मीडिया तपासतात, प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगतात. भाच्याची तारीख त्यातच गेली.

आय-९४ वर जरा थांबतो, कारण चांगली शिकलेली माणसंही इथे फसतात. पासपोर्ट आधी संपत असेल तर विमानतळावरचा ऑफिसर आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देऊ शकतो. आणि लहान पोरांचा भारतीय पासपोर्ट पाचच वर्षांचा असते. म्हणजे बापाची मुदत २०२८ पर्यंत आणि पोरीची २०२७ लाच संपते, घरात कोणालाच पत्ता नसते काऊन की सगळे बापाचा कागद पाहतात. प्रत्येक प्रवासानंतर घरातल्या प्रत्येकाचं आय-९४ वेगवेगळं डाउनलोड करा, फुकट आहे, कमी तारीख दिसली तर पासपोर्ट नवा करून मुदतीच्या आत एक्स्टेन्शन टाका.

बायको किंवा नवरा एच-फोरवर काम करत असेल तर त्यांचं वर्क परमिट ही वेगळी फाइल समजा. आधी रिन्यूअल टाकलं की जुनं कार्ड ५४० दिवसांपर्यंत आपोआप चाले, ३० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या अर्जांना ते बंद केलं. आता कार्ड संपलं आणि नवं आलं नाही तर त्या दिवशी काम थांबवावं लागते, पगारही थांबते, आणि घराचा हप्ता तर दोघांच्या पगारावर घेतलेला असते. संपायच्या १८० दिवस आधीपासून अर्ज टाकता येते, तर पहिल्याच आठवड्यात टाका. एच-वन-बीवाल्याची नोकरी गेली तर तिकडे राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, किंवा आय-९४ संपेपर्यंत, जे आधी येईल ते. सामान विकायच्या आधी वकील गाठा.

मिहान किंवा परसोडीच्या आयटी पार्कात छोटी कंपनी चालवणाऱ्यांसाठी थोडं. एच-वन-बी लॉटरीनं मिळते, तिचे वर्षाचे आकडे तेच आहेत, ६५ हजार आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांना २० हजार, पण आता पगाराच्या लेव्हलप्रमाणे (पहिली सगळ्यात कमी, चौथी सगळ्यात जास्त) वजन लागते, चौथ्या लेव्हलला चार चिठ्ठ्या, पहिलीला एकच. नागपूरच्या ज्युनियर पोराला एच-वन-बीची आशा दाखवून दोन वर्षं कमी पगारावर ठेवणं मला पटत नाही, ते करू नका. तिकडे तुमचीच शाखा असेल तर एल-वन (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा) पाहा, मागच्या तीन वर्षांत सलग एक वर्ष तुमच्याकडे काम केलेलं पायजे, त्याला लॉटरी नाही. आणि पोरांनो, एच-वन-बीची फाइलिंग फी, वकिलाची फी कंपनीनंच भरायची असते, पगारातून कापू म्हणणारा कायदा मोडून राहिला.

शेवटचं नागपूरवाल्यांसाठी. मुंबईची तारीख नसेल तर हैदराबादची पाहा, चालते, आणि आपल्याला गाडीनं ते मुंबईपेक्षा जवळच पडते. बायोमेट्रिकची तारीख इंटरव्ह्यूच्या आधीची असते, तर दोन रात्रींची सोय करा, दुरांतोनं सकाळी उतरून सरळ बीकेसीला (मुंबईतलं अमेरिकेचं कॉन्सुलेट तिथं आहे) धावायच्या भानगडीत पडू नका. आय-७९७ ची (पिटिशन मंजुरीचा कागद) मूळ प्रत, शेवटच्या पगाराच्या स्लिपा, कंपनीचं पत्र हँडबॅगेत ठेवा.